शौकाचं कातडं

देवमन तायडे रविवारी दुपारी खोलीचं दार लोटून घ्यायचा आणि कातडं कापायला बसायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "रेग्झिन आहे."

हे खोटं त्यानं काही ठरवून रचलं नव्हतं. पहिला तुकडा घरी आणला तेव्हा पंचफुलेनं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "अवो, हे काय आणलं?" आणि त्याच्या तोंडून रेग्झिन निघून गेलं. खोट्याला पाय नसतात म्हणतात. या खोट्यानं मात्र देवमनच्या घरात मांडी घालून चांगलं बस्तान बसवलं.

घर अकोल्यातलं, दोन खोल्यांचं, पुढं लहानसं अंगण. देवमन सरकारी कचेरीत कारकून. आणि खोटं बोलावं लागायचं ते अंगणातल्या बाजेवर बसलेल्या म्हाताऱ्यापायी. म्हातारा म्हणजे त्याचे वडील, बुधाजी.

बुधाजींचं अर्धं आयुष्य पातूरकडच्या खेड्यात गावाची मेलेली ढोरं ओढण्यात गेलं होतं. काम वाट्याला आलेलं. विचारायचं कोणी नाही आणि नाही म्हणायची सोय नाही. मग छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आले ते घरी न जाता थेट पाटलाच्या ओट्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आतापासून तुमचं ढोर तुमी ओढा." गावानं मजुरी बंद केली, चक्कीवर दळण घेईनात, पाण्याची वाट अडवली. घरानं आंबाडीची भाजी नुसती उकडून खाल्ली, पण बुधाजी हलले नाहीत. शेवटी पाटलाची म्हैस मेली आणि गोठ्यामागं फुगून पडली, तेव्हा पाटलाच्याच पोरांना ती गाडीला बांधून ओढावी लागली. ही गोष्ट बुधाजी कितीदा सांगत, आणि दर वेळी शेवट एकच. "नाकाले फडकी बांधून, बावा! नाकाले फडकी बांधून!"

अशा माणसाच्या घरात कातडं शिवायचं!

सुरुवात झाली एका शब्दकोशावरून. देवमनला पुस्तकांचा नाद. जुन्या बाजारातून आणलेल्या जाडजूड शब्दकोशाची पाठ उसवली. बांधणीवाल्यानं हात टेकले. कोणी तरी म्हणालं, टांगा स्टँडजवळ शफी आहे, घोड्यांचे पट्टे-लगाम शिवतो, त्याच्याकडं जा. शफीभाईनं पुस्तक उलटंपालटं केलं, "घोड्यापेक्षा वजनदार हाय हे," म्हणाला, आणि कातड्याची एक पट्टी घेऊन पाठ शिवायला बसला. देवमन बघत राहिला. काम झालं, तरी बसून राहिला. पुढच्या रविवारी पुन्हा गेला.

"देवमनभाऊ, तुमी नोकरीवाले," शफीभाई म्हणाला. "कबुतरं पाळा, पतंग उडवा. आमी पोटासाठी बोटात सुया टोचून घेतो. तुमी काहून टोचून घेता?"

देवमनला एवढंच कळत होतं की आठवडाभर तो दुसऱ्यांची वाक्यं कागदावर उतरवतो आणि त्यातली एकही ओळ त्याची नसते. कातड्यावर घातलेला टाका, वाकडा का होईना, त्याचा स्वतःचा असायचा.

वाकडाच यायचा. हातशिलाई दिसते सोपी. गुडघ्यांच्या मधे लाकडी चिमटा धरायचा, त्यात कातडं पकडायचं, आरीनं भोक पाडायचं, आणि एकाच मेणलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. दोन्ही सुया एकाच भोकातून, एक इकडून, एक तिकडून. आरी जरा तिरपी धरावी लागते, आणि दर वेळी सारखीच तिरपी. दुसरी सुई पहिल्या दोऱ्यात घुसली की सगळी गाठ. आणि दोन्ही हातांनी सारखं ओढायचं, कमी नाही, जास्त नाही. देवमननं पुस्तकाचं पहिलं वेष्टण शिवून दाखवलं तेव्हा शफीभाईनं ते डोळ्याजवळ धरलं आणि विचारलं, "येठून साप गेला का?"

पण हळूहळू साप सरळ चालायला लागला. देवमनकडं स्वतःची आरी आली, कड पातळ करायला रापी आली, ठोकायला लाकडी मोगरी आली. बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याची कड ओल्या फडक्यानं घासून घासून गुळगुळीत करायची, मग एरंडेलाचा हात फिरवायचा, हे त्याला जेवणाहून गोड वाटू लागलं. आणि बाहेरच्या बाजेवरून बुधाजींनी विचारलं, "काय ठोकून राहिला रे?" की आतून उत्तर ठरलेलं, "रेग्झिन, बाबा."

मग त्यानं एक मोठं काम काढलं. कचेरीत न्यायची पिशवी, झाकणाची, पट्ट्याची. तिच्या बाजूंची शिलाई लांबच लांब. देवमनला धीर निघेना. शफीभाईकडं दुरुस्तीचं मशीन होतं, लांब लोखंडी हाताचं, हातानं चाक फिरवायचं. कातडं दाबून धरणारा त्याचा पाय हव्या त्या दिशेला वळायचा. पण शफीभाई त्याला कोणाला हात लावू द्यायचा नाही. घरी पंचफुलेचं शिलाई मशीन होतं, ज्यावर ती गल्लीभरच्या बायकांची पोलकी शिवायची. एका दुपारी ती शेजारी चतुराबाईकडं गेलेली पाहून देवमननं पिशवी त्या मशीनखाली सरकवली.

दोन पदर गेले. देवमनला वाटलं, जिंकलो. कोपऱ्यावर चार पदर एकत्र आले आणि सुई कट्‌दिशी मोडली. टोक कातड्यात अडकलं. त्यानं चाक जोर लावून फिरवलं, तसं खाली काहीतरी अडलं आणि मशीन दातखीळ बसल्यासारखं गप्प झालं. तो खालची झडप उघडून बोट घालतो आहे तोच पंचफुला दारात.

त्याला बाजूला सारून तिनं खालच्या दात्यांतून कातड्याची एक साल ओढून काढली आणि नाकाशी नेली.

"हे रेग्झिन नाई," ती म्हणाली.

"आहे..."

"रेग्झिनले वास येते? असा वास येते?" ती साल तिनं त्याच्या तोंडासमोर धरली. "मामाजीले माहीत हाय?"

"नाही."

"मंग तुमचं तुमी निस्तरा. आन माया मशीनले पुन्हा बोट लावसान, तं मीच जाऊन सांगीन."

शफीभाईनं मशीन दुरुस्त करून दिलं, पण शिव्या देत. म्हणे कापडाची सुई टोकाला गोल असते, ती धागे बाजूला सारते. कातड्यात बाजूला सारायला धागेच नाहीत, तिथं कापत जाणाऱ्या टोकाची सुई लागते. "आन ती लावली तरी हे बिचारं चार पदर ओढत नाई. चिमणीले नांगर जुंपता काय, भाऊ?" देवमननं मान खाली घालून ऐकलं आणि उरलेली पिशवी हातानं शिवली. पुरती व्हायला हिवाळा उलटला.

आणि मग त्याच्या हातून ती चूक झाली. पिशवी छान झाली होती, म्हणून तो ती कचेरीत घेऊन गेला.

केशवराव हेडक्लार्क होते. कारकुनांचे रजेचे अर्ज, बदल्यांची शिफारस, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. त्यांनी पिशवी खुंटीवरून उतरवली. "मुंबईहून आणलीस काय रे?"

"नाही साहेब. मी केली. रेग्झिनची..."

केशवरावांनी झाकण उलटं करून आतली बाजू पाहिली. "रेग्झिनला आतून कापड असतं. हे अस्सल आहे." मग ते हसले, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे, लपवतोस काय? शेवटी ज्याचं त्याच्या हातात असतंच. रक्त कुठं जातं!"

खोली हसली. देवमनही हसला. ते आपलं हसणंच त्याला दिवसभर चावत राहिलं. त्याच्या मागच्या पिढ्यांत कोणी सुई धरली नव्हती. त्यांच्या वाट्याला ढोर ओढणं होतं, शिवणं नव्हतं. पण हे त्या खोलीत कोणाला समजावून सांगायचं आणि कशासाठी?

दुसऱ्या दिवशी तो जागेवर येतो तर टेबलावर, फायलींच्या वर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जोड. केशवरावांच्या चपला.

"अंगठा तुटलाय," केशवराव आपल्या जागेवरून म्हणाले. "घाई नाही. उद्या आणलास तरी चालेल."

देवमननं तोंड उघडलं. तोंडातून निघालं ते, "बरं साहेब."

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा अंगणात बुधाजींजवळ नत्थुजी बसले होते. वस्तीतल्या विहाराच्या समितीचे ते प्रमुख, जयंतीच्या मिरवणुकीचं ठरवायला आलेले. देवमन पुडकं काखेत दाबून आत सटकायला निघाला.

"काय हाय त्यात?" बुधाजींनी विचारलं.

"काही नाही, बाबा."

"काही नाई ते पाहू तं दे."

म्हाताऱ्याचा हात पुढं आला होता. देवमननं पुडकं दिलं. बुधाजींनी कागद सोडला आणि चपला मांडीवर न ठेवता खाली जमिनीवर ठेवल्या.

"कोणाचं?"

"साहेबांचं."

"अथी काहून आलं?"

आतलं मशीन थांबलं. पंचफुला दारात येऊन उभी राहिली.

"आता समजलं," नत्थुजी म्हणाले. "लोकं मले सांगत होते, देवमन कातडं शिवते. मी म्हणो, नाई बावा, रेग्झिन हाय. मीच तुयासाठी भांडलो, लेका!" ते उठून उभे राहिले. "हे पाय, जे काय असन ते आरी-रापी, सगळं नेऊन मोर्णा नदीत फेक. नाई तं मिरवणुकीत झेंड्याजवळ उभं राह्याचं नाई. आपण हे सोडलं हाय. सोडलं म्हणजे सोडलं."

एरवी देवमन अशा वेळी हो म्हणून मोकळा झाला असता. त्या दिवशी त्यानं आधीच एकदा हो म्हटलेलं होतं, आणि ते तिथं जमिनीवर पडलेलं होतं.

"काका," तो म्हणाला, "मिरवणुकीतला ढोल कशाचा हाय?"

"कोणता ढोल?"

"आपला. त्याले रेग्झिन लावता का?"

"ते वेगळं."

"आन तुमच्या कमरेचा पट्टा? घड्याळाचा पट्टा? पायातलं? कमरेले चालते, मनगटाले चालते, पायात चालते. फक्त मायाच हातात चालत नाई?"

नत्थुजी काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "घालणं वेगळं आन करणं वेगळं, देवमन. घालणाऱ्याले कोणी जात इचारत नाई, करणाऱ्याले इचारते. हे घे," त्यांनी चपलांकडं बोट केलं, "हा पुरावा. शब्दकोश वाचते तो माणूस, आन साहेबानं काय पाठवलं? कागद पाठवला का लिव्हाले?"

हे खरं होतं, आणि ते देवमनला जिथं लागायचं तिथं लागलं. मग त्याचा आवाज आला तो त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला.

"इचारू द्या कोणाले इचारायचं ते. बाबानं सोडलं ते पाटलाचं हुकमाचं काम होतं. मले कोणी हुकूम देल्ला नाई. रविवारी बसतो, मले बरं वाटते म्हणून बसतो. आपल्या सात पिढ्यांत कोणाले शौक करता आला, काका? मले येते, तं मी करीन. आन सोडीन तं माया मनानं सोडीन. पाटलाच्या सांगण्यानं नाई, तुमच्याबी नाई."

"ऐकता का बुधाजीभाऊ? तुमच्यासमोर बोलून राहिला!"

बुधाजींनी बाजूला थुंकून घेतलं. "रेग्झिन," ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडं बघू लागले.

"अरे, या नाकात जिंदगीभर कातड्याचा वास घेतला म्या. कच्चं, पिकलं, सडलं. तू पहिला तुकडा घरात आणला त्याच दिवशी मले समजलं."

"मंग बोलले काहून नाई, मामाजी?" पंचफुलेच्या तोंडून निघून गेलं.

"हा बोलन म्हणून." म्हाताऱ्याचा आवाज चढला. "मी पाटलाच्या ओट्यासमोर उभा राहून बोललो. अख्खा गाव पाहत होता. आन माया पोरगा दार लावून मले सांगते, रेग्झिन! मले कातड्याचा राग हाय, मरेपर्यंत राहीन, तुया पिशवीले मी हात लावणार नाई. पण हे दार लोटून बसणं? कोणाले भेतं रे तू? मले?"

देवमनला मान वर करवेना.

"आन आता एवढा मोठा बोलला तं हे बी सांग," बुधाजींनी पायाच्या बोटानं चप्पल ढकलली. "हे तू मांगितलं, का त्यानं देल्लं?"

"त्यानं देल्लं."

"मंग हे तुया मनाचं कसं झालं?"

देवमन खाली वाकला. त्यानं चपला उचलल्या, त्याच कागदात गुंडाळल्या आणि आत जाऊन दाराशी ठेवल्या. अंगठ्याचं काम चार टाक्यांचं होतं. डोळे मिटून झालं असतं.

सकाळी कचेरीत सगळे जागेवर बसेपर्यंत तो थांबला. मग उठला, केशवरावांच्या टेबलाजवळ गेला आणि पुडकं त्यांच्या फायलींवर ठेवलं.

"झालं?"

"नाही साहेब. मोच्याकडं द्या."

"म्हणजे?"

"मी हे करत नाही."

केशवरावांनी चष्मा काढला. "पिशवी करतोस, आणि चप्पल नाही?"

"पिशवी मला करावीशी वाटली."

"आणि चपला टेबलावर ठेवतोस? अक्कल आहे का?"

"काल माझ्या टेबलावर होत्या," देवमन म्हणाला. "मला वाटलं, कचेरीत तशीच रीत असेल."

मागं कोणाला तरी खोकला आला आणि बराच वेळ थांबेना. केशवरावांचा चेहरा लाल झाला. "तायडे, मी कौतुकच केलं होतं तुझं. हे मी लक्षात ठेवीन."

"ठेवा साहेब." मागं फिरायच्या आधी देवमनला आणखी एक सांगायचं होतं. "आणि ते रक्ताचं म्हणालात, ते तसं नाही. मी शिकलो. टांगा स्टँडवरच्या शफीभाईच्या शिव्या खाऊन शिकलो. अजूनही चुकतो."

केशवरावांनी लक्षात ठेवलं. दोन दिवसांत देवमनचं टेबल दप्तरखान्यात गेलं. तिथं जुनी बासनं, वाळवी आणि पाली, आणि खिडकी एकच, तीही भिंतीकडं उघडणारी. पिशवीला खुंटी नव्हती, म्हणून देवमननं ती टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायला सुरुवात केली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. नत्थुजींनीही शब्द पाळला. जयंतीला देवमन झेंड्याजवळ नव्हता. शेवटच्या ओळीत, पोरांच्या मागं चालला. पण चालला.

त्यानंतरच्या रविवारी त्यानं सतरंजी अंगणात अंथरली. चतुराबाई कुंपणावरून वाकून बघायला लागली. दोन बाया पाणी भरता भरता थांबल्या. देवमनचे कान तापले, पण त्यानं आरी, रापी, मोगरी, सगळं उन्हात मांडलं आणि चिमटा गुडघ्यांत धरला. बुधाजींनी बाज उचलून फिरवली आणि त्याच्याकडं पाठ करून बसले.

"काय शिवून राहिले, भाऊ?" चतुराबाईनं विचारलं.

"कातडं," देवमन म्हणाला. "शब्दकोशाले नवं वेष्टण."

"मले पिशवी शिवून द्याल का एखादी?"

"मनात आलं तं देईन."

"अगं बाई! भाव पाहा याचा," चतुराबाई हसली, पण आत गेली नाही.

रस्त्यानं नत्थुजी येत होते. फाटकाशी थांबले, आत बघितलं, आणि देवमनला वगळून म्हाताऱ्याच्या पाठीला म्हणाले, "बुधाजीभाऊ, निदान आत तं बस म्हणा त्याले. चार लोकं पाहून राहिले."

"आत बसत होता तवाच बरं नव्हतं," बुधाजी न वळता म्हणाले. "आन मायं ऐकणारा असता तं मी आधीच नसतं का सांगतलं? त्यालेच सांगा. समोरच तं बसला हाय."

नत्थुजींना आता त्याच्याकडं बघावंच लागलं. देवमनच्या दोन्ही हातांत सुया होत्या, मधे दोरा ताणलेला. त्यानं तसेच हात कपाळाशी नेले.

"जय भीम, काका."

नत्थुजी फाटकाला हात लावून उभे राहिले. जय भीमला उत्तर न देणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

"जय भीम," ते पुटपुटले, आणि तडातडा चालायला लागले.

देवमननं हात खाली आणले आणि दोन्ही बाजूंनी सारखा जोर लावून दोरा ओढला.